कलकत्ता कलेक्टोरेट : पट्टा कचेरीचा इतिहास

कोलकात्याचे कलेक्टोरेट ही ईस्ट इंडिया कंपनीने भारतात उभ्या केलेल्या अगदी आरंभीच्या जमीन-कचेऱ्यांपैकी एक. १७०० साली रॅल्फ शेल्डन या कंपनीच्या नोकराची येथील पहिला कलेक्टर म्हणून नेमणूक झाली आणि तेव्हापासून या ना त्या रूपात ही कचेरी चालत आली. वस्तीतील जमिनीचे पट्टे देणे, त्यांवरचे भुईभाडे वसूल करणे आणि जमीन एकाकडून दुसऱ्याकडे गेली की दप्तरातले नाव फिरवणे ही तिची मूळची कामे. पुढे अबकारी, मुद्रांक, आयकर अशी इतर खाती तिच्या गळ्यात पडली. त्यातली काही कालांतराने निघून गेली. एकोणिसाव्या शतकात तिला ‘पट्टा ऑफिस’ असेही म्हणत. आर. सी. स्टर्नडेल यांनी १८८५ साली तिचा इतिहास लिहिला, त्याच्या लांबलचक शीर्षकातही हे नाव आले आहे.

या कचेरीची हकीकत वाचताना एक गोष्ट पहिल्यापासून ध्यानात ठेवावी लागते. जी जमीन ती वाटत होती, तिची ती मालक नव्हती. कंपनी येथे मुघल बादशहाची एक जमीनदार म्हणून आली, जमीनदाराच्या अधिकारानेच तिने पट्टे दिले, आणि त्या पट्ट्यांनी लोकांना जो हक्क मिळाला तो पुढे मालकीइतका घट्ट झाला. सरकारला नंतर रस्ता, तळे, गोदी, बाग काहीही करायचे झाले की आपणच नाममात्र भाड्याने देऊन टाकलेली जमीन बाजारभावाने परत घ्यावी लागली. कलेक्टोरेटच्या पुढच्या दोनशे वर्षांचा बराचसा खुलासा यातून होतो.

कंपनीचा नोकर जॉब चार्नॉक २४ ऑगस्ट १६९० रोजी सुतानुटीच्या घाटावर उतरला, तेव्हा कंपनीकडे येथे हक्काची इंचभरही जमीन नव्हती. आठ वर्षांनी ती मिळाली. औरंगजेबाचा नातू अझीम-उश-शान त्या वेळी बंगालचा सुभेदार होता. त्याला १६,००० रुपये देऊन कंपनीने परवानगी मिळवली आणि १० नोव्हेंबर १६९८ च्या फारसी दस्ताने सावर्ण रायचौधुरी घराण्याकडून सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांची जमीनदारी १,३०० रुपयांना घेतली. तीन गावे विकत घेतली, असे शाळेच्या पुस्तकांत सरसकट लिहिलेले असते. ते अचूक नाही. रयतेकडून सारा गोळा करायचा आणि ठरलेला भरणा सरकारी खजिन्यात पाठवायचा, एवढाच हक्क हस्तांतरित झाला होता. हा भरणा साल बाराशे रुपयांच्या आसपास होता. रायचौधुरी घराण्याचे वंशज आजही हाच मुद्दा आग्रहाने मांडतात. त्यांच्या परिषदेच्या याचिकेवरच कलकत्ता उच्च न्यायालयाने २००३ साली चार्नॉकला शहराचा संस्थापक मानता येणार नाही, असा निर्णय दिला.

मुंबईची गोष्ट याहून वेगळी होती. इंग्लंडच्या राजाने १६६८ साली मुंबई बेट कंपनीला साल दहा पौंड भाड्याने दिले. तेथे कंपनीच्या डोक्यावर दिल्लीचा अंमल नव्हता. फोरास, टोका, फझेंदारी असे मुंबईतील जमिनीचे जे प्रकार पुढे कोर्टकचेऱ्यांत गाजले, त्यांच्या मुळाशी पोर्तुगीज रिवाज आणि इंग्रज राजाची सनद होती. कोलकात्यात बंगालच्या जमीनदाराचा शिरस्ता आला. कलेक्टरचे लौकिक नावच मुळी ‘जमीनदार’ असे होते. तो भाडे गोळा करी, बाजारांचे मक्ते देई, देशी रहिवाशांचे खटले ऐके आणि शिक्षाही ठोठावी.

या जमीनदारीवर एक मोठे बंधन होते. बिघ्यामागे तीन रुपयांहून जास्त भाडे घ्यायचे नाही, ही मुघल अमलाने घातलेली मर्यादा होती. कोलकात्याचा बिघा वीस कठ्ठ्यांचा, कठ्ठा सोळा छटाकांचा. चौरस फुटांत बिघा भरतो १४,४००, म्हणजे महाराष्ट्रातल्या हिशेबाने सव्वातेरा गुंठे. एवढ्या जमिनीला वर्षाला फार तर तीन रुपये. वस्ती वाढली, नदीकाठच्या जागांना सोन्याचा भाव आला, तरी हा आकडा जवळपास तेथेच राहिला. भाडे वाढवता येत नसल्यामुळे कंपनीने उत्पन्नाच्या दुसऱ्या वाटा शोधल्या. बाजारांत येणाऱ्या मालावर, धंद्यांवर, घरांच्या विक्रीवर तिने कर आणि शुल्के बसवली. पट्टा कचेरीकडे सुरुवातीपासून जमिनीबाहेरची इतकी कामे का आली, याचे उत्तर या तीन रुपयांत आहे.

१७०६ साली मोजणी झाली तेव्हा कंपनीच्या ताब्यात सुमारे ५,००० बिघे जमीन भरली. बडाबाजाराच्या ४८८ बिघ्यांपैकी सुमारे ४०० बिघ्यांवर घरे होती. गोविंदपुराच्या १,१७८ बिघ्यांपैकी मात्र ५७ बिघ्यांवरच वस्ती होती, आणि सुतानुटीच्या १,६९२ पैकी १३४ बिघ्यांवर. बाकी भातशेती, केळीच्या बागा, तळी, रान आणि दलदल होती. ज्याला शहर म्हणावे ते बाजाराभोवतीचे एक लहानसे ठिकाण होते, आणि कलेक्टरचे अर्धे काम शेतसाऱ्याचे होते.

इंग्रज कलेक्टर येत आणि जात. त्यांना भाषा येत नसे, जमाबंदीचे बारकावे कळत नसत आणि कंपनीच्या पगारापेक्षा स्वतःच्या खाजगी व्यापारात त्यांचे लक्ष जास्त असे. खरा कारभार देशी दुय्यमाच्या हातात होता. इंग्रज त्याला ‘काळा जमीनदार’ म्हणत. शेल्डनचा दुय्यम नंदराम सेन अफरातफरीच्या आरोपावरून गेला. त्याच्या नावाची गल्ली उत्तर कोलकात्यात आजही आहे. त्यानंतरच्यांत सर्वांत प्रबळ ठरला गोविंदराम मित्र. १७२० पासून सुमारे तीस वर्षे तो या जागेवर होता. पगार महिना तीस रुपये, पुढे पन्नास. पण चितपूरच्या रस्त्यावर त्याने बांधलेले नवरत्न मंदिर दुरून दिसे. १७५२ साली जॉन झेफनाया हॉलवेल कलेक्टर झाला आणि त्याने दप्तर तपासून गोविंदरामावर आरोपांची यादीच मांडली. बाजारांचे मक्ते आपल्याच माणसांच्या नावे स्वस्तात घ्यायचे आणि चढ्या दराने पुढे द्यायचे, हा त्यातला मुख्य आरोप होता. गोविंदरामाचा बचाव असा की एवढ्या पगारात कोणी हा हुद्दा चालवू शकत नाही आणि हा लाभ त्या जागेबरोबर येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन्ही बाजूंत तथ्य होते. हॉलवेलचे स्वतःचे चरित्रही फारसे निर्मळ नव्हते. तरी मक्ते उघड लिलावाने देण्याची आणि कुळवार हिशेब ठेवण्याची पद्धत त्याच्या काळात घट्ट झाली आणि उत्पन्न वाढले, एवढे श्रेय त्याला द्यावे लागते.

दरम्यान कंपनीने हद्द वाढवण्याची खटपट केली होती. १७१७ साली बादशहा फर्रुखसियरने दिलेल्या फर्मानात कोलकात्याभोवतीची आणखी ३८ गावे घेण्याची मुभा होती. बंगालचा कर्ताकरविता मुर्शिदकुली खान याने मात्र त्या गावांच्या जमीनदारांना ती विकू दिली नाहीत. बादशहाचा कागद हातात असूनही कंपनीची हद्द चाळीस वर्षे तीन गावांपलीकडे सरकली नाही.

ती हद्द जमिनीवर आखली गेली मराठ्यांच्या धास्तीने. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांच्या फौजा बंगालमध्ये उतरल्या. बर्दवान, हुगळीकडची माणसे जीव घेऊन गंगेच्या पूर्वेला पळाली आणि कोलकात्याची वस्ती एकदम फुगली. नबाब अलिवर्दीखानाच्या परवानगीने शहराभोवती खंदक खणायचे ठरले. रहिवाशांनी त्याच्या खर्चाचा भार उचलला, काम उत्तरेला बागबाजारापासून सुरू झाले आणि सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाले. मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत, त्यामुळे दक्षिणेकडचा भाग खणायचा राहून गेला. ज्या बारगीर स्वारांच्या भयाने बंगालच्या खेड्यांनी घरे सोडली, त्यांची आठवण तेथील पाळणागीतांत अजून आहे आणि ती आठवण कडू आहे. मराठी वाचकाने ती मान खाली न घालता, पण न नाकारता पत्करावी.

मराठ्यांपासून संरक्षणासाठी हा खंदक कधी वापरावा लागला नाही, पण जमीन-कचेरीला त्याचा मोठा उपयोग झाला. आतली जमीन कोणती आणि बाहेरची कोणती, हे त्याने ठरवले. १७५७ साली मीर जाफरशी जो तह झाला, त्यात खंदकाच्या आतील सगळी जमीन आणि खंदकाबाहेर सहाशे यार्डांचा पट्टा कंपनीला देण्यात आला. सर जॉन शोअर यांच्या कारकीर्दीत १० सप्टेंबर १७९४ च्या जाहीरनाम्याने शहराच्या कायदेशीर सीमा ठरल्या, तेव्हाही पूर्वेची रेषा याच खंदकाच्या आतल्या काठाने धरली गेली. १७९९ च्या सुमारास खंदकाचा बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड झाला. आज त्याच्या दोन भागांना आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांची नावे आहेत. उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकाराचे क्षेत्र बहुतांशी त्या जुन्या शहरापुरतेच राहिले. बागबाजारात मराठा डिच लेन ही गल्ली आहे.

प्लासीनंतर कंपनीचे स्थान पालटले आणि कचेरीचेही. नवा फोर्ट विल्यम बांधण्यासाठी १७५८ पासून गोविंदपूर गाव उठवण्यात आले. तेथील रहिवाशांना मोबदला आणि बदली जागा देण्यात आल्या. त्या सुतानुटी, कुमारटुली, तालतला अशा भागांत होत्या. रवींद्रनाथांचे पूर्वज असलेले ठाकूर घराणे गोविंदपुरातून पाथुरियाघाट्याला गेले ते याच वेळी. शेठ आणि बसाक या जुन्या विणकर-व्यापारी घराण्यांनाही हलावे लागले. पैसेवाल्यांना नव्या जागा मिळाल्या आणि त्यांचे वाडे उभे राहिले. ज्यांच्या नावे पट्टाच नव्हता, अशा मजूर, कोळी, नावाड्यांचे काय झाले हे दप्तर फारसे सांगत नाही. किल्ल्याच्या तोफांना मोकळी नजर हवी म्हणून सभोवारचे रान तोडले गेले आणि त्यातून मैदान तयार झाले. ती जमीन कलेक्टरच्या हातून कायमची लष्कराकडे गेली, आणि आजही ती लष्कराच्याच ताब्यात आहे. शहराच्या मधोमध एवढी मोकळी जागा टिकली, याचे कारण ती कोणालाही पट्ट्याने देता येत नव्हती.

१७५७ अखेरीस चोवीस परगण्यांची जमीनदारी मिळाली, तेव्हा तेथे कंपनीने वेगळी रीत अवलंबली. १७५९ साली परगण्यांचे वसुली हक्क लिलावाने मक्त्याने देण्यात आले. शहरात हे शक्य नव्हते, कारण तेथे रयतेच्या हाती आधीच पट्टे होते. त्याच वर्षी नबाबाने चोवीस परगण्यांचा सालीना भरणा, २ लाख २२ हजारांहून अधिक रुपये, क्लाइव्हला जहागीर म्हणून दिला. त्यामुळे कंपनी आपल्याच नोकराला सारा भरू लागली. लंडनच्या संचालकांना हे खपले नाही आणि त्यावरून मोठा वाद झाला. शहराभोवतीची उपनगरी गावे ‘पंचान्नग्राम’ म्हणजे पंचावन्न गावे या नावाने खास महालात, म्हणजे थेट सरकारी वहिवाटीत, राहिली, आणि कोलकात्याच्या जुन्या खरेदीखतांत ‘डिही पंचान्नग्राम’ हा उल्लेख पावलोपावली भेटतो.

कंपनीने पट्टेदारांच्या डोक्यावर मध्यस्थ बसवण्याचा प्रयत्नही एकदा केला. १७७८ साली वॉरन हेस्टिंग्जने शोभाबाजारचे महाराजा नवकृष्ण देव यांना सुतानुटीची तालुकदारी कायमची दिली. तेथील जुन्या रहिवाशांनी तक्रार केली. आम्ही थेट कंपनीचे कुळ आहोत, शोभाबाजारच्या राजाचे होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तालुकदारी रद्द झाली नाही. तरी त्या तक्रारीवरून दिसते की कचेरीत थेट नाव असणे ही तोवर प्रतिष्ठेची आणि निश्चिंतीची गोष्ट झाली होती.

पट्ट्याची प्रक्रिया दिसायला साधी होती. जागा हवी असणाऱ्याने अर्ज करायचा; अमीन जाऊन जागा मोजायचा; चतुःसीमा, क्षेत्र आणि वार्षिक भाडे लिहून कलेक्टरच्या सहीने पट्टा निघायचा आणि त्याची नोंद वहीत व्हायची. जमीन विकली, वाटणी झाली, वारसाकडे गेली, की जुना पट्टा कचेरीत आणून नव्या नावाने दुसरा करून घ्यायचा. महाराष्ट्रात सातबाऱ्यावर फेरफार होतो, त्याच कुळातले हे काम आहे. अडचण अशी की भाडे इतके थोडे असे की ते थकले तरी कोणाचे बिघडत नसे, आणि नाव न फिरवताही जमीन पिढ्यान्‌पिढ्या वापरता येई. एका पट्ट्याची जमीन दहा वारसांत वाटली जाई आणि वहीत मात्र मेलेल्या आजोबांचेच नाव राही. कचेरीचे दप्तर आणि जमिनीवरची वस्तुस्थिती यांच्यातली ही फट वाढत गेली. भरीस १७५६ साली सिराज-उद-दौल्याने शहर घेतले, तेव्हा आधीचे बरेच कागद नष्ट झाले होते. कचेरीचे पहिले अर्धशतक आज आपल्याला लंडनला पाठवलेल्या नकलांवरूनच कळते.

पट्टेदाराचा हक्क नेमका कोणत्या दर्जाचा, हा प्रश्न शेवटी लंडनला गेला. कोलकात्यात मालमत्ता ठेवून मेलेल्या इंग्रजाचे घर वारसाला स्थावर म्हणून जाते की जंगमासारखे वाटले जाते, असा फ्रीमन विरुद्ध फेअर्ली हा खटला होता. १८२८ साली निकाल लागला तो असा, की कोलकात्यातील पट्ट्याने धारण केलेली जमीन इंग्रजी कायद्याच्या अर्थाने वंशपरंपरागत स्थावर मालमत्तेसारखीच आहे. आठ वर्षांनी, १८३६ साली, क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनानीच्या मृत्युपत्रावरून दुसरा महत्त्वाचा निकाल झाला. परकीयांना जमीन धारण करण्यास मनाई करणारा इंग्रजी नियम कोलकात्यात कधी लागूच झाला नव्हता, असे त्यात ठरले. आर्मेनियन, ग्रीक, पोर्तुगीज, ज्यू, फ्रेंच अशा सगळ्यांनी येथे निर्धास्तपणे घरे बांधली होती. त्यांच्या मालकीला या निकालाने भक्कम आधार मिळाला. शहराबाहेर गोष्ट निराळी होती. मुलखात कोठेही जमीन घेण्याची सर्वसाधारण मुभा युरोपियनांना मिळाली ती १८३७ च्या चौथ्या कायद्याने.

हे निकाल पट्टेदारांच्या दृष्टीने न्याय्य होते. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने मात्र त्यांची किंमत मोठी पडली. कंपनीने शहराची आखणी आधी करून मग भूखंड वाटले नव्हते. जो येईल त्याला जागा दाखवली होती. परिणामी गल्ल्या वाकड्या आणि अरुंद झाल्या, सांडपाण्याला वाट राहिली नाही आणि घरांच्या मधली तळी कुजली. लॉर्ड वेलस्लीने १८०३ च्या आपल्या टिपणीत शहराच्या या दुरवस्थेवर बोट ठेवले आणि सुधारणा समिती नेमली. पैसा आला लॉटरीतून. १७९३ पासून शहराच्या कामांसाठी लॉटऱ्या निघतच होत्या; टाउन हॉलची इमारत अशाच पैशातून १८१३ साली पुरी झाली. १८१७ साली लॉटरी कमिटी स्थापन झाली आणि तिने जवळजवळ वीस वर्षे काम केले. नदीकाठचा स्ट्रँड रोड, उत्तर-दक्षिण जाणारे कॉर्नवॉलिस स्ट्रीट, कॉलेज स्ट्रीट, वेलिंग्टन स्ट्रीट आणि वेलस्ली स्ट्रीट, त्यांच्या कडेचे तलाव आणि चौक, ही सगळी तिची कामगिरी. तिची रीत अशी, की रस्त्याच्या रेषेत लागेल त्याहून जास्त जमीन घ्यायची, रस्ता बांधायचा आणि दर्शनी भूखंड वाढलेल्या भावाने विकायचे. कोलकात्यातील सार्वजनिक जमीनविक्रीची पहिली विचारपूर्वक योजना हीच. इंग्लंडात लॉटरीविरुद्ध लोकमत गेले आणि १८३६ साली कमिटीचे काम संपले.

जमीन राजीखुशीने मिळेना, तेव्हा कायदा करावा लागला. १८२४ चा बंगालचा पहिला नियम हा सार्वजनिक कामासाठी मोबदला देऊन सक्तीने जमीन घेण्याचा भारतातील आरंभीचा कायदा. १८५० च्या पहिल्या कायद्याने त्यातील तरतुदी कोलकाता शहराला लावण्यात आल्या. देशभर लागू झालेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याची वंशावळ येथपर्यंत मागे नेता येते. महाराष्ट्रातील धरणग्रस्तांनी ज्या कायद्याशी पिढ्यान्‌पिढ्या झुंज दिली, त्याचे मूळ कोलकात्याच्या या जमीनटंचाईशी जोडलेले आहे.

खुद्द कलेक्टोरेटसाठीही याच सुमारास दोन कायदे झाले. १८५० चा तेविसावा आणि १८५६ चा अठरावा हे दोन्ही कलकत्ता जमीन महसूल कायदे या नावाने ओळखले जातात. पहिल्याने शहरातील महसूल सुरक्षित केला, दुसऱ्याने त्याच्या कारभाराची घडी बसवली. भुईभाडे एकरकमी भरून त्यातून कायमचे मोकळे होण्याची सवलतही एकोणिसाव्या शतकात पट्टेदारांना मिळाली. अनेकांनी ती घेतली. सरकारच्या हाती त्या वेळी चार पैसे आले, आणि त्या जमिनींशी कलेक्टरचा उरलेला धागाही तुटला. हा निर्णय दूरदृष्टीचा होता, असे म्हणवत नाही.

नकाशांचे काम मात्र जिद्दीने झाले. मार्क वुडने १७८४-८५ मध्ये, अपजॉनने १७९२-९३ मध्ये, शाल्कने १८२४-२५ मध्ये आणि सिम्सने १८४७ ते १८४९ या काळात शहराची मोजणी केली. या सर्वांहून बारीक काम विसाव्या शतकाच्या आरंभी आर. बी. स्मार्ट यांच्या देखरेखीखाली झाले. त्यांच्या तक्त्यांवर प्रत्येक धारणेची हद्द, घर, विहीर, तळे दाखवलेले आहे. मुंबईत लॉटन यांच्या १८७२ साली पुऱ्या झालेल्या मोजणीला जे स्थान आहे, तेच कोलकात्यात स्मार्टच्या नकाशांना. हद्दीचा वाद निघाला की वकील आजही त्यांच्याकडे वळतात.

नदीकाठाची हकीकत वेगळी. हुगळीने पूर्व काठावर गाळ टाकत नवी जमीन तयार केली. ती काठच्या पट्टेदाराची की सरकारची, हा वाद रंगला. स्ट्रँड रोडच्या पलीकडची ‘स्ट्रँड बँक’ जमीन अखेर सार्वजनिक मानली गेली आणि १८७० साली पोर्ट कमिशनर स्थापन झाल्यावर त्यांच्याकडे गेली. त्यांनी ती विकली नाही. गोदामांना, घाटांना, जेट्ट्यांना भाडेपट्ट्याने दिली. म्हणून शहरात सरकारी पट्टेदारी सर्वांत ठळकपणे टिकली ती बंदराच्या जमिनीवर.

विक्रीचा हव्यास कोठवर जातो, हे दक्षिणेला सुंदरबनाच्या तोंडाशी दिसले. हुगळी गाळाने बंद होईल या भीतीने सरकारने मातला नदीवर पर्यायी बंदर योजले आणि १८५३ साली तेथील ‘लॉट ५४’ ११,००० रुपयांना घेतला. त्यावर पोर्ट कॅनिंग नगर आखले गेले. फर्डिनांड शिलर यांच्या पुढाकाराने १८६५ साली पोर्ट कॅनिंग कंपनी निघाली. अमेरिकन यादवी युद्धाने कापसाचा पैसा मुंबईत नुसता वाहत होता. बॅकबे रेक्लमेशनच्या शेअरांवर तुटून पडलेल्या मुंबईच्या सटोडियांनी या बंगाली दलदलीचे शेअरही उचलले. युद्ध संपले, बाजार कोसळला, जहाजे मातल्याकडे फिरकेनात, आणि १८७० नंतर लवकरच बंदर सोडून द्यावे लागले.

शहरात पुढचा मोठा टप्पा आला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा. प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली असा ट्रस्ट निघाला होता. दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या त्याच्याच. कोलकात्याचा कायदा १९११ चा, आणि ट्रस्ट सी. एच. बॉम्पस यांच्या अध्यक्षतेखाली १९१२ च्या जानेवारीत कामाला लागला. सेंट्रल ॲव्हेन्यू, सदर्न ॲव्हेन्यू, पार्क सर्कस, ढाकुरिया लेक ही त्याची कामे. लॉटरी कमिटीची जुनी रीतच ट्रस्टने कायद्याच्या बळावर चालवली: जास्तीची जमीन संपादन करायची, भूखंड पाडायचे, विकायचे आणि खर्च भरून काढायचा. ज्यांची घरे गेली त्यांतल्या भाडेकरूंना आणि बस्तीवासीयांना, म्हणजे झोपडवस्तीतल्या लोकांना, या नव्या भूखंडांत जागा परवडणे अशक्य होते. ट्रस्टने कोलकात्याला हवा आणि उजेड दिला. बस्तीवाल्यांना मात्र त्याने पूर्वेकडे ढकलले. ट्रस्टचे कोलकाता महानगर विकास प्राधिकरणात विलीनीकरण झाले २०१७ साली.

बस्तीची जमीनव्यवस्था पट्टा कचेरीच्या वह्यांबाहेरच वाढली. जमीनमालक आपली मोकळी जागा ठिका भाडेकरूला देई. तो तीवर झोपड्या बांधून खोल्या भाड्याने देई. राहणाऱ्याचे नाव कोठेच नसे. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली ठिका भाडेकरूंना पहिले कायदेशीर संरक्षण मिळाले. १९५३ चा जमीनदारी संपादन कायदा कोलकाता शहराला लागू नव्हता, त्यामुळे शहरातले जमीनमालक तेव्हा सुटले. १९८१ चा ठिका कायदा १८ जानेवारी १९८२ पासून अमलात आला आणि ठिका जमिनी राज्य सरकारकडे जमा झाल्या. ठिका भाडेकरू थेट सरकारचे कूळ बनले. पुढे त्या कायद्याची जागा २००१ च्या नव्या कायद्याने घेतली. ज्या शहरात सरकारने दोन शतके जमीन हातातून जाऊ दिली होती, तेथे एवढ्या मोठ्या प्रमाणावर ती परत आली ती याच मार्गाने, आणि शहरातल्या सर्वांत गरीब वस्त्यांची.

नव्या वस्त्यांबाबत राज्य सरकारने सावध धोरण घेतले. पूर्वेच्या खाऱ्या पाणथळीवर १९६२ पासून भराव घालून वसवलेल्या विधाननगरात, म्हणजे सॉल्ट लेकमध्ये, भूखंड विकले नाहीत. ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले, आणि हस्तांतरावर निर्बंध ठेवले. मुदत एवढी मोठी, की कुटुंबांनी ती घरे स्वतःचीच मानली. तरी मालकी सरकारची राहिली, हा फरक व्यवहारात वेळोवेळी जाणवत आला आहे.

कलेक्टोरेटची इमारत बी. बा. दी. बागेच्या पश्चिमेला, जुन्या किल्ल्याच्या जागेवर, जीपीओच्या शेजारी आहे. तिच्यातल्या जुन्या वह्यांइतकीच मोलाची कागदपत्रे उत्तर कोलकात्यातील घराघरांत, देवघराच्या पेट्यांत आणि वकिलांच्या कपाटांत पडून आहेत. जुने वाडे पाडून तेथे इमारती उठत आहेत, आणि खरेदीखत झाले की मागचे पट्टे रद्दीत जातात. ज्यांच्या घरी असे पट्टे, दाखले, भाड्याच्या पावत्या असतील, त्यांनी, मग ते बंगाली असोत, मारवाडी असोत, आर्मेनियन असोत की दोन-तीन पिढ्या तेथे राहिलेले मराठी असोत, ती राज्य अभिलेखागाराला दाखवल्याशिवाय टाकून देऊ नयेत.